मुलाखतीस जाताना

आपल्या शाळेतून विज्ञानाचा विषय घेऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी पुष्कळांस पुढे केव्हातरी एक पत्र येते : अमुक दिवशी, अमुक वाजता, मूळ प्रशस्तिपत्रकांसह मुलाखतीस हजर राहावे. पुण्याच्या परिसरातच पाहिले, तर पाषाणास १९५० साली उघडलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, पिंपरीस १९५४ साली स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी आहे, हडपसरास १९६६ सालची सीरम इन्स्टिट्यूट आहे. पत्र हाती पडताच घरी पहिला प्रश्न निघतो तो गाडीचा व भाड्याचा. आणि तो निघावा हे योग्यच. परंतु इतक्या दूर जाऊन तेथे आपण दाखवावयाचे काय, हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही.

प्रस्तुत लेखक उचगावचा. कोल्हापूरच्या पूर्वेस लागूनच असलेल्या या गावाजवळून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. उत्तरेस सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांवर पुणे, दक्षिणेस सहाशे किलोमीटरांवर बंगळूर. ध्यानात ठेवण्याजोग्या दोन भेटी या वाटेच्या दोन टोकांस घडल्या आहेत, आणि योगायोग असा की, दोन्ही ठिकाणी उमेदवार मुलगीच होती.

पहिली भेट १९३३ सालची. कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी या नावाने प्रसिद्ध झालेल्या विदुषी, मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या होत्या. त्यांचे वडील व चुलते बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. तेव्हा आपणही तेथेच संशोधन करावे, असे त्यांनी ठरविले. त्या वेळी संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे होते. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या या थोर शास्त्रज्ञाने त्यांचा अर्ज, त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणास्तव, नाकारला. ही कोणी बोलाविलेली मुलाखत नव्हे. नकार हाती असताना ही मुलगी बंगळूरास गेली, आणि मला का घेत नाही, असे संचालकांसच विचारती झाली. अखेर एक वर्षाच्या कसोटीवर प्रवेश मिळाला. अटी अपमानकारक होत्या, तरी त्यांनी त्या पत्करल्या. वर्षअखेर त्यांचे काम पाहून रामन यांनी त्यांस नियमित विद्यार्थिनी करून घेतले. १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएच. डी. झाल्या. इतके शिकून येऊन पुढे त्यांनी जे अभ्यासले, ते कडधान्ये व नीरा यांतील पोषकद्रव्ये, म्हणजे आपल्या ताटातील व बांधावरील वस्तू होत.

दुसरी भेट १९७४ सालची. त्याच बंगळूरच्या संस्थेत अभियांत्रिकीचा उच्च अभ्यासक्रम करणाऱ्या सुधा कुलकर्णी (आताच्या सुधा मूर्ती) यांच्या दृष्टीस टेल्को कंपनीची जाहिरात पडली. तीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, अशी ओळ होती. त्यांनी जे. आर. डी. टाटा यांस एक पोस्टकार्ड लिहून आपला निषेध कळविला. थोड्याच दिवसांत तार आली : पुण्यास मुलाखतीस यावे, प्रवासखर्च कंपनीचा. वसतिगृहातील मैत्रिणींनी पुण्याहून साड्या आणण्यासाठी पैसेही गोळा करून दिले! नोकरी मिळणार नाही अशी मनाशी खात्री झाल्यामुळे त्यांची भीती गेली, आणि विचारलेल्या तांत्रिक प्रश्नांची उत्तरे त्यांनी नीट दिली. त्या कंपनीच्या कारखान्यात अभियंता म्हणून घेतलेली पहिली स्त्री त्याच होत.

आता स्वतःची गोष्ट सांगतो. ती इतकी उज्ज्वल नाही. पदवी मिळाल्यावर मला एका मोठ्या रासायनिक कंपनीचे बोलावणे आले. वडिलांनी गुळाच्या पट्टीतून भाड्याचे पैसे काढून दिले. रात्रीच्या गाडीने उभ्यानेच प्रवास केला, पहाटे उतरून स्थानकावरील नळावर तोंड धुतले, आणि चुरगळलेल्या सदऱ्यानिशी दोन तास आधीच फाटकाशी जाऊन बसलो. पाठ केलेली सूत्रे मनात घोळत होती. आत गेल्यावर एका वयस्क गृहस्थांनी माझा पत्ता वाचला व सौम्यपणे विचारले, “तुमच्याकडे गूळ होतो. काहिलीतील रसात चुना का घालतात?”

मी निरुत्तर झालो. जन्म गुऱ्हाळाच्या वासात गेलेला, शिक्षण रसायनशास्त्राचे, भाडेही गुळाचे. आणि उत्तर ठाऊक नाही! निवड झाली नाही हे सांगावयास नकोच. एक दिवस आधी जाऊन झोप घेतली असती, तर सदरा नीट राहिला असता, डोकेही शांत राहिले असते. तुम्ही तसे अवश्य करा. परंतु उत्तर त्यानेही सुचले नसते.

गावी परतल्यावर गुऱ्हाळावर जाऊन गुळव्यास विचारले. तो म्हणाला, “चुना कमी पडला तर रवा पावसाळ्यात पाघळतोय, जादा पडला तर काळा पडतोय. एवढं बी ठाऊक न्हाई व्हय पोरा?” त्याच्या बोलण्याला पुस्तकाची जोड दिली, तेव्हा उलगडा झाला. उसाचा ताजा रस किंचित आम्ल असतो. तो तसाच तापविल्यास आम्लाच्या योगाने साखरेचा काही अंश मोडून द्राक्षशर्करा व फलशर्करा होतात. या शर्करा सहजी दाणा धरीत नाहीत, हवेतील ओल मात्र शोषून घेतात. म्हणून गूळ मऊ पडतो. चुन्याने आम्ल मारले जाते, शिवाय रसातील काही मळ साक्याच्या रूपाने वेगळा होतो. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात तो याच मळास धरून वर आणण्यासाठी, आणि मग ती मळी झाऱ्याने काढून टाकतात. हे सारे मी लहानपणापासून पाहिले होते. कधी विचारले मात्र नव्हते.

त्यानंतर वर्षभर मी हाती येईल त्या वस्तूविषयी ‘असे का’ म्हणून टिपून ठेवू लागलो : विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही, तांब्याच्या भांड्याला चिंच का लावतात. पुढील बोलावण्यास मोठ्या उमेदीने गेलो. तेथे गुळाविषयी कोणी एक शब्दही विचारला नाही. मला प्रयोगशाळेत नेले, ब्युरेट पुढे ठेवली आणि एका आम्लाचे अनुमापन करावयास सांगितले. मी भांडे स्वच्छ धुतले, तोटी हलकेच फिरविली, आणि फिकट गुलाबी छटा टिकून राहिली तो आकडा वाचून दाखविला.