उठण्यापूर्वी मागे वळून पाहा

मुलांनो, वाशीमहून पुसदकडे जाताना रस्त्यात अनसिंग हे मोठे गाव लागते. अशा एखाद्या गावचा आठवडी बाजार डोळ्यांसमोर आणा. सकाळी दुकाने मांडली जातात. दिवसभर गर्दी असते. संध्याकाळी बाजार उठतो आणि माणसे घरी जातात. मैदानावर मात्र सडकी भाजी, केळीच्या साली, कागद, चहाचे कप आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पडून राहतात.

"उद्या ग्रामपंचायतीचा माणूस येईल आणि झाडून घेईल," असे आपण म्हणतो. पण कचरा उद्याची वाट पाहत नाही. रात्री वारा सुटतो. पिशव्या उडून नालीत आणि शेतात जातात. नाली तुंबते. फेकलेल्या कपात पावसाचे पाणी साचते आणि त्यात डेंग्यू पसरवणारे डास वाढतात. खरकट्याच्या वासाने गाय येते आणि पिशवीसकट अन्न गिळते. प्लॅस्टिक तिला पचत नाही. पोटात पिशव्यांचा गोळा होतो. ती चारा खात नाही, तिचे दूध आटते. कधी कधी ती मरते. त्या गरीब शेतकऱ्याचे केवढे नुकसान होते! पिशवी टाकणाऱ्याला मात्र ते कळतही नाही.

मग कचरा उचलण्याची योग्य वेळ कोणती? आपण ती जागा सोडण्यापूर्वीची!

सर्वांची जागा आपलीच असते, हे आपल्या वऱ्हाडातील एका माणसाने आयुष्यभर शिकवले. त्यांचे नाव संत गाडगेबाबा. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, जवळ मातीचे गाडगे आणि हातात खराटा, असा त्यांचा वेश होता. गावात आले, की ते कोणाला काही न विचारता रस्ते आणि नाल्या साफ करू लागत. रात्री ते कीर्तन करत. आधी हातांनी शिकवायचे आणि मग शब्दांनी, अशी त्यांची रीत होती. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. २००० साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले.

बाबांच्या काळी बाजारातला बराचसा कचरा पाने, गवत, शेण असा असे. तो कुजून त्याचे खत होई. आजचे प्लॅस्टिक तसे कुजत नाही. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पण केवळ कायद्याने मैदान साफ होत नाही. त्यासाठी हात लागतात.

आपण काय करू शकतो? बाजाराला जाताना कापडी पिशवी न्या. सहलीला जाताना कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी बरोबर ठेवा. साली आणि उरलेले अन्न वेगळे ठेवा, कागद व प्लॅस्टिक वेगळे ठेवा. चूल पेटवली असेल, तर पाणी ओतून ती पूर्ण विझवा. मैदानावर खेळ संपला, की सर्वांनी मिळून एक फेरी मारा. निघण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा. तुमच्यानंतर तेथे दुसरे कोणी बसणार आहे. त्याला ती जागा कशी मिळावी?

गाडगेबाबांनी दुसऱ्यांचा कचरा उचलला. आपण निदान आपला तरी उचलू या!

शब्दार्थ
खराटा – काड्यांचा मोठा झाडू
तुंबणे – वाट अडून पाणी साचणे
खरकटे – खाऊन उरलेले उष्टे अन्न
गाडगे – मातीचे लहान भांडे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गाडगेबाबांचा जन्म कोठे झाला?
(आ) प्लॅस्टिक गिळल्यामुळे गाईला काय होते?
२. कारण लिहा : कचरा उद्यावर ठेवू नये.
३. बाजार, मैदान असे उर्दूतही असलेले आणखी तीन शब्द पाठातून शोधा.
४. आज शाळा सुटल्यावर तुमच्या बाकाखाली पाहा. काय दिसले आणि तुम्ही काय केले, ते चार ओळींत लिहा.