कंप शमविणारी कमान

ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं जाड पाठीचा जुना दूरचित्रवाणी संच अद्याप माळ्यावर पडला असेल, त्यांनीं त्याकडे केवळ अडगळ म्हणून पाहूं नये. आपल्या छत्रपती संभाजीनगराजवळ, पैठण रस्त्यावरील चितेगांव येथें, व्हिडिओकॉनच्या कारखान्यांत रंगीत संच तयार होत असत. 2005 सालीं त्याच उद्योगसमूहानें फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनळ्यांचा व्यवसाय विकत घेतला. पुढें सपाट पडदे आले, चित्रनळीचा काळ संपला, आणि 2018 सालीं व्हिडिओकॉनवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. तथापि त्या नळीच्या पोटांत बसविलेली लहानशी कमान, म्हणजेच स्प्रिंग, जो धडा शिकविते तो जुना झालेला नाहीं. तोच आम्ही येथें मांडीत आहों.

रंगीत चित्रनळीच्या मागील टोंकाकडून इलेक्ट्रॉनांचे तीन झोत निघतात. पुढच्या कांचेस आंतून तांबडा, हिरवा व निळा प्रकाश देणाऱ्या द्रव्यांचे बारीक पट्टे दिलेले असतात. प्रत्येक झोतानें आपल्याच रंगाच्या पट्ट्यावर पडावें म्हणून कांचेच्या अलीकडे, सुमारें एका सेंटिमीटरवर, लाखों छिद्रें असलेला पत्रा बसवितात. त्यास छायापट म्हणूं. हा पत्रा सुमारें 0.15 मिलिमीटर जाड, म्हणजे पोस्टकार्डापेक्षांही पातळ असतो. तो एका चौकटीस जोडलेला असून ती चौकट तीन किंवा चार कमानींच्या आधारें कांचेंतील खुंट्यांवर अडकविलेली असते. पत्रा केंसभर जरी सरकला, तरी एका रंगाचा झोत शेजारच्या रंगावर सांडतो आणि चित्र बिघडतें.

पत्र्यास सरकविणारीं कारणें मुख्यतः दोन: उष्णता आणि कंप.

प्रथम उष्णता पाहूं. पांचांतील सुमारें चार इलेक्ट्रॉन छिद्रांतून न जातां पत्र्यावरच आदळतात. त्यामुळें पत्रा व चौकट तापून प्रसरण पावतात आणि छिद्रें बाहेरच्या बाजूस सरकतात. यावर उपाय म्हणून कमान दोन धातूंच्या थरांची करितात. एक थर तापल्यावर अधिक वाढतो, दुसरा कमी. दोन्ही थर अतूट जोडलेले असल्यामुळें कमान वांकते व पत्र्यास किंचित् कांचेकडे ढकलते. अंतर कमी झाल्यानें झोत पुन्हां योग्य पट्ट्यावर पडतो.

कंपाची गोष्ट निराळी आहे. संचाच्या त्याच पेटींत ध्वनिक्षेपक असतो. त्याच्या आवाजाची कंपसंख्या पत्र्याच्या किंवा कमानीच्या स्वाभाविक कंपसंख्येशीं जुळली, म्हणजे वेळेवर झोका दिलेल्या पाळण्याप्रमाणें तें थरथरणें वाढत जातें. येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. कमान लावली म्हणजे कंप नाहींसा होतो असें नव्हे. कमान घेतलेली ऊर्जा परत करिते. ती स्वतः थांबत नाहीं. थांबविणारें असतें तें घर्षण.

मालमोटारीच्या चाकांवरील पाटे सर्वांनीं पाहिले असतील. तेथें एकच जाड पट्टी न घालितां अनेक पाटे एकावर एक रचतात. खड्डा लागला कीं ते वांकतांना एकमेकांवर घांसतात. हादऱ्याची कांहीं ऊर्जा उष्णतेंत जिरते आणि गाडीची उसळी लवकर शमते. तोच उपाय नळीच्या कमानीस लागू पडतो. मुख्य पट्टीवर दुसरी पातळ पट्टी एकाच टोंकास जोडून बाकीची नुसती दाबून बसविली, तर थरथरतांना दोन्ही पट्ट्या घांसतात व कंप मरतो. म्हणजे थर अतूट जोडले तर ते उष्णतेचें काम करितात, मोकळे ठेविले तर कंपाचें. थर किती आहेत यापेक्षां ते कसे जोडले आहेत, हें महत्त्वाचें.

हें घरीं पडताळून पाहतां येईल. पोलादी मोजपट्टी मेजाच्या कडेवर घट्ट दाबून तिचें बाहेरील टोंक छेडा आणि ती किती वेळ थरथरते तें पाहा. नंतर तशाच दोन पट्ट्या एकावर एक ठेवून, टोंकाशीं रबराचें वेढणें घालून, तितक्याच लांबीवर छेडा. थरथर लवकर थांबेल. मधें कापडाची पट्टी घालून तिसरा प्रयोग करा व तिन्ही वेळा वहींत लिहा. मात्र दाब फार वाढविला तर पट्ट्या घांसतच नाहींत, आणि हादरा जसाच्या तसा पुढें जातो. म्हणून दाबाचें प्रमाण साधणें हेंच कारागिराचें कसब.

1968 सालीं सोनी कंपनीनें ट्रिनिट्रॉन नळी काढली. तींत छायापटाऐवजीं ताणलेल्या उभ्या पट्ट्यांची जाळी होती. ती सहज थरथरे, म्हणून तिच्यावर एक-दोन बारीक आडव्या तारा टेकविलेल्या असत. पांढऱ्या चित्रावर त्यांची पुसट रेघ दिसे.

पालकांस एक सूचना. कमान पाहण्याच्या हौसेनें कोणीही जुनी नळी उघडूं किंवा फोडूं नये. तिच्यांत निर्वात पोकळी असते; फुटल्यास कांचा जोरानें उडतात. कांचेंत शिसें असतें, आणि सुमारें 25,000 व्होल्टांवर चालणाऱ्या नळींत संच बंद केल्यावरही विद्युत्‌भार उरूं शकतो. असा संच विद्युत् कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावा. प्रयोगास दोन मोजपट्ट्या पुरेशा आहेत.