बैगाचक : मैकल डोंगरातील गाव आणि त्याचे बियाणे

भूमी व हवामान

नर्मदेचा उगम अमरकंटक येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर, मैकल पर्वतात होतो. याच पर्वताच्या रांगा मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात पसरलेल्या असून त्यांवरील सालवृक्षांच्या अरण्यात बैगा जमातीची गावे वसलेली आहेत. या प्रदेशास ‘बैगाचक’ असे म्हणतात.

येथे पाऊस भरपूर पडतो. परंतु उतारावरून पाणी वेगाने वाहून जाते व त्याबरोबर मातीही जाते. हिवाळ्यात दऱ्यांच्या तळाशी दहिवर गोठते. उन्हाळ्यात लहान ओढे आटतात आणि स्त्रियांना ओढ्याच्या पात्रात खड्डा खणून झिरपलेले पाणी भरावे लागते. सपाट जमीन थोडी, माती पातळ व गोट्यांची, बाजार दूर. अशा ठिकाणी माणूस कशाच्या आधारावर टिकला, हा या पाठाचा विषय आहे.

बैगा समाज

बैगा स्वतःस भूमीची प्रथम संतती समजतात. नंगा बैगा व नंगी बैगीण हे आद्य दांपत्य, अशी त्यांची श्रद्धा आहे. शेजारच्या गोंड समाजातही गावाची सीमा बांधणे, भूमीची पूजा करणे ही कामे पुष्कळ ठिकाणी बैगाकडेच असतात. त्यांची बोली छत्तीसगढीस जवळची आहे. स्त्रियांच्या अंगावरील विपुल गोंदण, खांद्यावरची कुऱ्हाड आणि करमा नृत्य ही या समाजाची सहज ओळखू येणारी चिन्हे होत. केंद्र शासनाने विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या देशातील ७५ आदिवासी समूहांत बैगांचा समावेश होतो.

बेवर : नांगराविना शेती

नांगराने धरणीमातेचे वक्ष फाडणे हे पाप, असे जुन्या काळचा बैगा मानी. म्हणून तो ‘बेवर’ पद्धतीने शेती करी. उतारावरील झाडेझुडपे बुंधे राखून तोडावयाची, उन्हात वाळू द्यावयाची, पावसाच्या तोंडाशी जाळावयाची आणि त्या राखेत बी टाकावयाचे, असा तिचा क्रम असे. सुमारे तीन वर्षे पीक घेतल्यावर तो तुकडा सोडून दिला जाई. राखलेल्या बुंध्यांना धुमारे फुटत व काही वर्षांत तेथे पुन्हा रान उभे राही. गोव्यातील कुमेरी आणि सह्याद्रीतील कुमरी शेती ही याच कुळातील होय.

बेवराचे खरे मर्म कुऱ्हाडीत वा अग्नीत नसून बियाण्यात आहे. एकाच तुकड्यात कोद्रा, कुटकी, नाचणी, राळा, सिकिया, मका, तूर, उडीद, चवळीवर्गीय झुंगा अशी अनेक बियाणी एकत्र पेरीत. यांतील काही भाद्रपदातच हाती येतात, तर तुरीसारखी पिके हिवाळ्यापर्यंत उभी राहतात. पाऊस लवकर थांबला तर भरड धान्य वाचते. अतिवृष्टी झाली तर दुसरे काही तरते. सर्वच पिके एकाच वर्षी बुडाली असे क्वचितच घडे. शिवाय कोद्र्याचा दाणा टरफलासह साठविल्यास अनेक वर्षे टिकतो. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याचा हाच विमा होता.

शेतीस अरण्याची जोड असे. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले वेचणे, पुढे चारोळी व तेंदूपाने गोळा करणे, पावसाळ्यात कंदमुळे, अळंबी व रानभाज्या आणणे, बांबूच्या टोपल्या विणणे, असे वर्षाचे वेळापत्रक ठरलेले असे. रोजचे अन्न म्हणजे पेज. कोकणातील वाचकांस हा शब्द व पदार्थ दोन्ही परिचित आहेत. मात्र बैगांची पेज बहुधा कोद्रा, कुटकी किंवा मक्याची असते.

निर्बंधांचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश वनखात्याने सालवनांचे रक्षण करण्यासाठी बेवरावर बंदी घालण्यास आरंभ केला. १८९० मध्ये बैगांसाठी एक मर्यादित क्षेत्र राखून ठेवण्यात आले. तेथेच बेवर करण्याची मुभा राहिली. हाच ‘चक’. भटक्या शेतीस विस्तीर्ण रान लागते. ते आकुंचित झाले म्हणजे तोच तुकडा लवकर तोडावा लागतो, रान भरून येत नाही व उत्पन्न घटते. मग दोष पद्धतीस दिला जातो. आकुंचित झालेल्या क्षेत्राचा विचार होत नाही.

व्हेरिअर एल्विन व त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे यांनी १९३२ मध्ये याच भागातील करंजिया येथे सेवाकार्य सुरू केले. एल्विन यांचा ‘द बैगा’ हा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. अरण्य हिरावल्याने या समाजाचे केवळ अन्नच नव्हे, तर आत्मविश्वासही हरपला, असे त्यांच्या लेखनाचे प्रतिपादन होते.

आजची स्थिती

आज बहुतेक बैगा नांगर धरतात. बेवर जवळजवळ लुप्त झाले आहे. शिधावाटप दुकानातील तांदूळ घरोघर पोहोचल्याने भुकेची तीव्रता कमी झाली. ही गोष्ट लहान नव्हे. तथापि त्याचबरोबर कोद्रा-कुटकीचा पेरा घटला आणि जी वाणे एका वर्षी पेरली गेली नाहीत, त्यांतील काही पुढे मिळेनाशी झाली. कुपोषण व हिवताप हे या भागाचे जुने शत्रू आहेत. कुपोषण कमी व्हावे म्हणून मध्य प्रदेश शासनाने २०१७ च्या अखेरीस बैगा, भारिया व सहरिया कुटुंबांतील स्त्रियांसाठी दरमहा १,००० रुपयांचे आहार अनुदान सुरू केले. पुढे ही रक्कम वाढविण्यात आली.

२००६ च्या वनाधिकार कायद्याने दोन महत्त्वाच्या गोष्टी मान्य केल्या. पहिली, वनखात्याने मजुरीसाठी वसविलेल्या वनग्रामांचे महसुली गावांत रूपांतर करण्याचा हक्क. दुसरी, आदिम समूहांचा आपल्या संपूर्ण अधिवासावरील सामूहिक हक्क. दिंडोरीतील काही बैगा गावांना हा अधिवास हक्क २०१५-१६ च्या सुमारास मिळाला. देशातील अशी ही पहिलीच घटना मानली जाते. पण कागद मिळाल्याने रान आपोआप भरून येत नाही. ग्रामसभा बसली, तिने कोठे चराई करावी, कोणते मोह राखावेत, वणवा कसा आवरावा हे ठरविले आणि कर्मचाऱ्यांनी तो निर्णय मानला, तरच त्या हक्कास अर्थ येतो.

बियाण्याची कोठी

सिलपिडी या गावच्या लहरीबाई यांनी आसपासच्या गावांतून भरड धान्यांची बियाणी जमवून आपल्या घरातील मातीच्या कोठ्यांत सांभाळली. त्यांच्या संग्रहात १५० हून अधिक वाण असल्याचे नोंदले गेले आहे. शेतकऱ्यास त्या बी देतात व पीक आल्यावर बियाणे परत घेतात. २०२३ या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात त्यांच्या कार्याचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. जे कार्य एरवी संशोधन केंद्रात चालते, ते येथे एका कच्च्या घरात चालले.

यातून एक बोध स्पष्ट होतो. डोंगराळ गावाचे मागासलेपण म्हणून जे दिसते, त्यात पुष्कळदा पिढ्यान्‌पिढ्यांची सावधगिरी दडलेली असते. रस्ता, दवाखाना, शाळा व पिण्याचे पाणी यांवर अशा गावाचा पूर्ण अधिकार आहे. मात्र ही साधने पोहोचविताना त्याच्या कोठीतील बियाणे संपुष्टात येत नाही ना, हे पाहणे प्रत्येक कर्मचाऱ्याचे कर्तव्य ठरते. गेलेला रस्ता पुन्हा बांधता येतो. गेलेले वाण परत आणता येत नाही.

अभ्यासासाठी

१. मिश्र पेरणीमुळे दुष्काळाचा धोका कसा कमी होतो, ते पिकांच्या उदाहरणांसह सांगा.

२. क्षेत्र आकुंचित झाल्यास भटक्या शेतीचे उत्पन्न का घटते?

३. आपल्या गावातील वडीलधाऱ्यांना विचारून, पूर्वी पेरली जाणारी पण आता न दिसणारी वाणे नोंदवा. त्यांपैकी कोणाच्या घरी बी शिल्लक असल्यास शाळेच्या आवारात एक वाफा लावा.