एक गाडी, अनेक चालक : मॉडेल रेल्वेवर जादा थ्रॉटल पॅनेलची जोडणी

कर्जत ते लोणावळा हे लोहमार्गाचे अंतर २८ किलोमीटरचे. १८६३ साली खुल्या झालेल्या या भोर घाटात सर्वांत तीव्र चढण ३७ फुटांस एक फूट अशी आहे. म्हणूनच चढणीच्या जड गाड्यांना कर्जत येथे मागून बँकर इंजिने जोडतात आणि लोणावळ्यास ती सोडवतात. पुढचे इंजिन ओढते, मागची इंजिने रेटतात. पुढच्या चालकास मागचा चालक दिसत नाही. तरीही दोघांनी एकाच वेगाचे भान ठेवल्याखेरीज गाडी घाट चढत नाही.

कोंडाणे परिसरातील मुलांना या गाड्या परक्या नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेत मॉडेल रेल्वे उभारायची झाल्यास घाटाइतका जवळचा विषय दुसरा सापडणार नाही. मात्र अशा मॉडेलला वेग नियंत्रित करणारे उपकरण, म्हणजे थ्रॉटल, एकच असले, तर एक विद्यार्थी गाडी चालवतो आणि उरलेला वर्ग पाहत राहतो. धीट मूल पुढे सरकते. पाड्यावरून नुकतेच वसतिगृहात आलेले बुजरे मूल मागेच उभे राहते. जादा थ्रॉटल पॅनेलची जोडणी हा वरकरणी तारांचा विषय आहे; परंतु यंत्र किती हातांपर्यंत पोहोचावे, हा प्रश्नही तीतूनच सुटतो.

१. आज्ञा रुळांतून कशी जाते?

जुन्या पद्धतीच्या मॉडेलमध्ये रुळांतील विजेचा दाब वाढवला की इंजिन वेगाने धावते. त्यामुळे एकाच रुळावरील दोन इंजिनांना वेगवेगळी आज्ञा देता येत नाही. डिजिटल पद्धतीत रुळांत दाब सदैव पूर्ण असतो आणि त्याची दिशा सतत उलटसुलट होत राहते. या उलटण्याच्या कालावधीतच संदेश दडलेला असतो. प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर ‘एक’, सुमारे १०० मायक्रोसेकंद किंवा अधिक असेल तर ‘शून्य’. आरंभी ‘एक’ अंकांची मालिका, मग इंजिनाचा पत्ता, त्यानंतर आज्ञा आणि शेवटी चूक ओळखण्याचा तपासणी-अंक, अशी संदेशाची रचना असते. प्रत्येक इंजिनातील डिकोडर केवळ आपल्या पत्त्याचा संदेश पाळतो. म्हणून पुढचे इंजिन एका विद्यार्थ्याच्या व बँकर दुसऱ्याच्या हाती देता येते.

२. पॅनेलचे काम

हे संदेश तयार करते ते कमांड स्टेशन. कोणते इंजिन कोणत्या वेगाने चालले आहे, हे तेच लक्षात ठेवते. हातातील थ्रॉटल फक्त विनंती पाठवतो, आणि पॅनेल म्हणजे थ्रॉटल जोडण्यासाठी मॉडेलच्या कडेला बसवलेले सॉकेट. पॅनेलमध्ये सत्ता नाही. तेथे केवळ प्रवेश आहे. त्यामुळे बहुतेक पद्धतींत विद्यार्थ्याने थ्रॉटलची पिन काढून पुढच्या पॅनेलमध्ये लावेपर्यंत गाडी शेवटच्या आज्ञेनुसार चालतच राहते. ही सोय आहे, तशी जोखीमही आहे. पुढे मार्ग मोकळा असल्याखेरीज पिन काढू नये.

थ्रॉटलच्या तारा आणि रुळांना वीज देणाऱ्या तारा या दोन स्वतंत्र वाहिन्या आहेत. त्या एकमेकींस कधीही जोडू नयेत. शक्यतो त्या अंतर राखून न्याव्यात, आणि ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडाव्यात.

३. हजेरी आणि संभाषण

थ्रॉटलच्या वाहिन्यांचे दोन प्रमुख प्रकार प्रचलित आहेत. एक्सप्रेसनेट व एनसीईची कॅब बस यांत कमांड स्टेशन वर्गशिक्षकाप्रमाणे हजेरी घेते. ज्याचा क्रमांक पुकारला जाईल त्याने उत्तर द्यायचे. म्हणून प्रत्येक थ्रॉटलचा क्रमांक वेगळा हवा. एक्सप्रेसनेटमध्ये असे ३१ क्रमांक असतात. दोन थ्रॉटलना एकच क्रमांक दिला, तर दोघे एकदम ‘हजर’ म्हणतात आणि गोंधळ होतो. येथे तार एका पॅनेलकडून दुसऱ्याकडे अशी एकसलग न्यावी, मधून लांब फाटे काढू नयेत, आणि मार्ग लांब असल्यास उत्पादकाच्या सूचनेनुसार टोकास १२० ओहमचा रोधक लावावा.

लोकोनेटची रीत संभाषणाची आहे. वाहिनी शांत आहे हे ऐकून थ्रॉटल आपणहून बोलतो. दोघे एकदम बोलले तर थांबून पुन्हा प्रयत्न करतात. येथे फाटे चालतात, परंतु तार फिरून पहिल्या जागी येईल असे वर्तुळ टाळावे. सहा तारांपैकी मधल्या दोन, म्हणजे तिसरी व चौथी, संदेशाच्या. दुसरी व पाचवी ग्राउंडच्या. पहिली व सहावी रुळांतील संकेताची प्रत बूस्टरपर्यंत नेणाऱ्या. केबलच्या एका टोकाची पहिली पिन दुसऱ्या टोकाच्याही पहिल्याच पिनला मिळाली पाहिजे. टेलिफोनची तयार केबल पुष्कळदा चारच तारांची किंवा उलट जोडलेली असते. ती तपासल्याशिवाय वापरू नये. थ्रॉटल वाढले की त्यांची विजेची गरजही वाढते. अशा वेळी पॅनेलना शिफारस केलेल्या दाबाचा स्वतंत्र अडॅप्टर द्यावा.

४. पॅनेल कोठे बसवावीत?

१:८७ या प्रमाणात २८ किलोमीटरचा घाट सुमारे ३२२ मीटर होईल. एवढी जागा कोणत्याच शाळेत नसते. म्हणून काही ठिकाणे निवडावी लागतात. कर्जतला बँकर जोडायचे असल्याने तेथे दोन सॉकेट हवीत. लोणावळ्यास ते सोडवायचे असल्याने तेथेही दोन. मधल्या ठाकूरवाडी व मंकी हिल येथे प्रत्येकी एक. थ्रॉटलची दोरी न ताणता पुढचे पॅनेल गाठता यावे, इतकेच अंतर ठेवावे. उंची ठरवताना सर्वांत लहान वर्गातील मुलाचा हात प्रमाण मानावा. चढण खरी दाखवायची असेल, तर दर ३७० सेंटिमीटरला रूळ १० सेंटिमीटर उचलावा.

५. जोडणीचा क्रम

प्रथम कागदावर आराखडा काढून प्रत्येक केबलला क्रमांक द्यावा. क्रिम्पिंग झाल्यावर वीज देण्यापूर्वी मल्टिमीटरने सहाही तारांची सलगता पाहावी आणि शेजारच्या तारा एकमेकींस चिकटल्या नाहीत याची खात्री करावी. मग एक पॅनेल जोडावे, गाडी चालवून पाहावी, आणि त्यानंतरच दुसरे जोडावे. दोष आढळल्यास अर्धी वाहिनी सोडवून तो कोणत्या बाजूस आहे ते शोधावे. उरलेल्या भागाची पुन्हा अर्धी करावी. २३० व्होल्टची जोडणी विद्यार्थ्यांकडे देऊ नये. त्यांच्या हाती बंदिस्त अडॅप्टरच असावा आणि मुख्य बटण शिक्षकांच्या हाताशी असावे.

यानंतर घाटाचा खरा धडा सुरू होतो. बँकर पुढच्या इंजिनापेक्षा वेगाने रेटू लागला, तर वळणावर मधले डबे रुळांवरून उतरतात. तो मंद पडला, तर पुढच्या इंजिनावर ओझे येते. डिकोडरमधील आरंभीचा, मधला व कमाल वेग जुळवून ही तफावत कमी करता येते. उरलेली तफावत दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांचे ऐकून मिटवायची असते.

६. समारोप

पुण्यात कोथरूड येथे जोशी कुटुंबाने उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. अनेक घरांतील मुलांनी मॉडेल रेल्वे प्रथम तेथेच पाहिली. शाळेला यापुढचे पाऊल टाकता येते. पाहणाऱ्याच्या हाती ती चालवण्यास देता येते. त्यासाठी लागणारा खर्च इंजिने व कमांड स्टेशन यांच्या तुलनेत थोडा आहे : काही सॉकेट, काही मीटर केबल आणि क्रिम्पिंगचे एक हत्यार. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वीज, रेल्वे किंवा दूरसंचार क्षेत्रांत कार्यरत आहेत, त्यांनी एक दिवस दिला तरी हे काम विद्यार्थ्यांकडूनच करवून घेता येईल.

कोंडाणे येथील प्राचीन लेण्यातील ब्राह्मी लेखात, कण्ह याच्या बलक नावाच्या अंतेवासीने हे काम केल्याची नोंद आहे. अंतेवासी म्हणजे गुरूंच्या सान्निध्यात राहून शिकणारा, आजच्या शब्दांत निवासी विद्यार्थी. गुरूसोबत शिष्याचे नावही त्या दगडावर टिकून राहिले आहे. आपल्या पॅनेलच्या मागील बाजूसही ते जोडणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव व वर्ष लिहून ठेवावे. पुढे कधी तार सुटली, तर ती कोणी व कशी जोडली होती हे पुढच्या वर्गाला कळेल, आणि आपल्यासारख्याच एका मुलाने हे केले होते, हेही कळेल.