जीटी आणि फिल कॉलिन्स

फर्स्ट इयरला ग्राफिक्सची एक शीट मी चक्क जीटी मारली होती. (स्टाफमधल्या वाचकांसाठी : जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. खाली बल्ब, वर काच, काचेवर मित्राची शीट आणि तिच्यावर आपली कोरी. सर, आता माफ करा!) शीट झकास झाली. ओरलला सरांनी एका रेषेवर बोट ठेवलं, "ही डॉटेड का?" मी गप्प. तेव्हापासून 'कॉपी' या शब्दाचीच लाज वाटायची. ती घालवली एका अल्बमने.

फिल कॉलिन्स हा ब्रिटिश गायक आणि ड्रमर. आधी 'जेनेसिस' बँडमध्ये, मग एकट्याच्या नावावर जगभर गाजलेला. २०१० मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी त्याने 'गोइंग बॅक' काढला. त्यात स्वतःचं नवं गाणं एकही नाही. सगळी लहानपणापासूनची आवडती, बहुतेक १९६० च्या दशकातली मोटाउनची सोल गाणी.

सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यातून आणि ब्लूजमधून आलेलं संगीत. मोटाउन ही कंपनी बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन डेट्रॉइटमध्ये सुरू केली. मेकॅनिकलवाल्यांनो, ऐका! गॉर्डी आधी मोटारींच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर कामाला होता. तीच पद्धत त्याने गाण्याला लावली. लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे, आणि शेवटी क्वालिटी कंट्रोलची मीटिंग!

आता ऐकायचं कसं? माझी पद्धत सांगतो. पहिल्यांदा गाणं नुसतं ऐका. दुसऱ्यांदा गायकाला विसरून फक्त बेस गिटार पकडा. जेम्स जेमरसन ती एकाच बोटाने छेडायचा, तरी बेस स्वतंत्र गाणं म्हणतोय असं वाटतं. तिसऱ्यांदा स्नेअर ड्रम मोजा. पॉप गाण्यात तो सहसा चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला पडतो. स्टीवी वंडरच्या 'अपटाइट'मध्ये तो चारही ठोक्यांना पडतो. पाय आपोआप हलतो तो यामुळे!

कॉलिन्सने नेमका हाच अभ्यास केला. त्याला गाण्यांना नवं रूप द्यायचं नव्हतं, जुना आवाज जसाच्या तसा हवा होता. त्यासाठी त्याने मोटाउनच्या मूळ वादकांपैकी बॉब बॅबिट, एडी विलिस आणि रे मोनेट यांना बोलावलं. ड्रम मात्र स्वतः वाजवले. आणि इथेच खरी गोष्ट आहे. मानेच्या दुखण्यानंतर त्याच्या हातांतली ताकद गेली होती, काठी धरवत नव्हती. त्याने काठ्या हाताला पट्टीने बांधल्या आणि वाजवलं. एवढं करून काय, तर दुसऱ्याचीच गाणी!

काही जण म्हणतील, मग मूळ गाणीच ऐकू की! जरूर ऐका. मलाही मूळचीच जास्त आवडतात. कॉलिन्सचा आवाज त्या गायकांपुढे पातळ वाटतो. पण मी तिथपर्यंत पोचलो ते त्याच्यामुळेच.

मूळ वादकांच्या ताफ्याला 'फंक ब्रदर्स' म्हणत. कित्येक हिट गाणी त्यांनी वाजवली, पण १९७१ च्या मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'पर्यंत मोटाउनच्या रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांची नावं नसायची. पुढे बॅबिट २०१२ मध्ये गेला, विलिस २०१८ मध्ये. कॉलिन्सने त्यांना वेळेत बोलावलं, हे मला त्या अल्बमचं सर्वांत मोठं काम वाटतं.

असो. कॉपी दोन प्रकारची असते. एक जीटी, जिच्यात हात चालतो आणि डोकं झोपतं. दुसरी अशी, की प्रत्येक ठोका तिथेच का, हे कळेपर्यंत माणूस बसून राहतो, आणि तो ठोका पहिल्यांदा कुणी वाजवला त्याचं नाव सांगतो.

आणि हो सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता येतं. ती रेषा डॉटेड, कारण ती कड मागे आहे. समोरून दिसत नाही, पण असते. तिच्याशिवाय जॉब पूर्ण होत नाही!