तपासल्याशिवाय गोळी नाही

सातारा

चि. मुक्ता हिस,


काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. तुझी बॅग धुवायला काढली तर तळाशी फ्लुकोनॅझोलची, म्हणजे बुरशीवरच्या गोळ्यांची, रिकामी पाकिटं निघाली. एक नव्हे, तीन. रडवेली होऊन मला विचारत होती, "ताई, पोरीला काही वाईट तर लागलं नाही ना?" वाईट म्हणजे काय, ते तुला कळलंच असेल. तिला मी तिथल्या तिथे गप्प केलं. तिची समजूत घालायची जबाबदारी माझी. पण तुला मात्र बोलल्यावाचून राहवत नाही.

कुणी सांगितल्या गं ह्या गोळ्या? खोलीतल्या मैत्रिणीने? की मेडिकलवाल्यासमोर मान खाली घालून "खाज येते" म्हणालीस आणि त्याने पाकीट पुढे सरकवलं? तीनदा औषध झालं आणि एकदाही कुणी तपासलं नाही! मावशी आयुष्यभर स्त्रीरोगाच्या ओपीडीत राबली, तिला एक फोन करावासा वाटला नाही?

यात लाजण्यासारखं काही नाही. दर चार बायकांपैकी तिघींना आयुष्यात एकदा तरी बुरशीचा हा त्रास होतो. राणीताई आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही निघालं, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. त्या बायांना डॉक्टरच मिळत नव्हता. तुझ्या होस्टेलच्या गल्लीत चार पाट्या आहेत.

'पांढरं जातं' एवढ्यावर काही ठरत नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत तार सुटणारा पारदर्शक स्राव जातो, तो आजारच नव्हे. फाटलेल्या दुधासारखा, सोबत खाज, वास नाही, तर बहुधा बुरशी. पातळ, राखाडी, मासळीसारखा वास येणारा असेल तर जिवाणूंचा तोल बिघडलेला. हिरवट, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास असू शकतो; तो संबंधातून येतो आणि औषध दोघांनाही घ्यावं लागतं. पण नुसतं बघून आम्हीसुद्धा फसायचो. अमेरिकेतल्या एका छोट्या पाहणीत, स्वतःच बुरशी ठरवून औषध विकत घेणाऱ्या बायकांपैकी जेमतेम तिघींत एकीला नुसती बुरशी निघाली. जिवाणूंवर तुझी ती गोळी काही करत नाही.

तपासणी म्हणजे काय, तर कापसाची काडी. ती रंगपट्टीवर टेकवायची. पीएचचा आकडा साडेचारच्या वर गेला तर नुसती बुरशी सहसा नसते. मग काचेवर दोन ठिपके. एकात सलाईन, दुसऱ्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड. दुसऱ्यातून भपकन मासळीचा वास आला तर अर्धं निदान तिथेच. उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली: बुरशीचे धागे, जिवाणूंनी कडा भरलेल्या पेशी, नाहीतर वळवळणारा ट्रायकोमोनास. तो जिवंत असतानाच बघावा लागतो, म्हणून आमच्या लॅबवाल्या बाई काच हातात घेऊन अक्षरशः पळायच्या.

तुझ्या वयाची असताना मलाही हेच झालं होतं. आई म्हणाली, उष्णता आहे, धण्याचं पाणी पी. नर्सिंगच्या वर्गात बाकावर धड बसवत नव्हतं, आणि समोर शिकवणाऱ्या बाई हाच धडा घेत होत्या! तास संपल्यावर त्यांना विचारायला माझी जीभ रेटली नाही. ते अख्खं वर्ष अजून आठवतं.

तेव्हा आता ऐक. जाहिरातीतला तो गुलाबी वॉश फेकून दे. आतले चांगले जिवाणू आम्ल तयार करून राखण करतात, त्यांना धुऊन काढायचं नसतं. बाहेरून साधं पाणी पुरे. पुन्हा पुन्हा होतंय म्हणून साखरही बघून घे. आपल्या घरात ती आहेच, आक्काची तुला ठाऊक आहे. लग्न झालं नाही म्हणून तपासणीला घाबरू नकोस. आतून तपासायचं नसेल तर तसं सांग, काडीने नमुना घेता येतो. डॉक्टर संबंधांबद्दल विचारतील. त्यांना खरं ते सांग. ते उत्तर मला नको, तुझ्या आईलाही नको.

जास्त बोलले असेन. अगं, तू एकटीच तिथे रात्र रात्र तळमळत असशील, हेच डोळ्यांपुढे येतं. एकटीने जाववत नसेल तर शनिवारी पहिल्या एसटीने मी येते, बाहेर बाकावर बसेन. येताना तुझ्यासाठी मेतकूट आणते. तोवर चौथी गोळी तेवढी घेऊ नकोस, आणि उद्या मला फोन कर.

तुझी,
माईमावशी