घर नसलेला चॅम्पियन : पार्टिझान, १९९१-९२

बास्केटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एनबीए येतं. पण युरोपातही देशोदेशीच्या क्लबांची एक मोठी स्पर्धा दरवर्षी होते. आज तिला युरोलीग म्हणतात. तिचा १९९१-९२ चा सीझन अभ्यास करण्यासारखा आहे. त्या वर्षी जी टीम जिंकली, तिच्याकडे स्वतःचं होम ग्राऊंडच नव्हतं!

पार्श्वभूमी

जून १९९१ मध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी युगोस्लाव्हियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं आणि युद्ध पेटलं. बास्केटबॉलमध्ये हा देश तेव्हा युरोपात अव्वल होता. १९८९, १९९० आणि १९९१ अशी सलग तीन वर्षं युरोपचा कप स्प्लिट शहरातल्या एकाच क्लबने नेला होता. नव्या सीझनमध्ये तिथले तीन क्लब होते : बेलग्रेडचा पार्टिझान, स्प्लिट आणि झाग्रेबचा सिबोना. युद्धामुळे तिथे जाऊन खेळणं धोक्याचं ठरलं, म्हणून तिघांनाही आपले 'घरचे' सामने परदेशात खेळायला लावले. गंमत अशी, की एकमेकांशी भांडणाऱ्या प्रदेशांतले हे तिन्ही क्लब शेवटी स्पेनमध्येच आसऱ्याला गेले.

पार्टिझानच्या वाट्याला माद्रिदजवळचं फुएनलाब्राडा हे कामगारवस्तीचं गाव आलं. बेलग्रेडपासून ते सुमारे २००० किलोमीटर दूर. मुंबई-हावडा रेल्वेने होतं, साधारण तेवढं अंतर!

होम ग्राऊंड म्हणजे नक्की काय?

घरच्या मैदानावर टीम जास्त जिंकते, हे आपल्या इंटर-कॉलेज मॅचेसमध्येही दिसतं. पण का? या फायद्याचे भाग सुटे करून पाहू. (१) प्रवासाचा थकवा नाही. (२) कोर्ट, रिंग, लाईट सगळं सवयीचं. (३) प्रेक्षक आपले. (४) प्रेक्षकांच्या आवाजाचा रेफरीवर नकळत येणारा दबाव.

पार्टिझानचा पहिला फायदा पूर्ण गेला. घरची मॅचसुद्धा विमानाने जाऊन खेळायची. दुसरा हळूहळू सवयीने थोडाफार मिळाला. तिसरा आणि चौथा मात्र फुएनलाब्राडाच्या लोकांनी त्यांना दिला. ज्यांची भाषा कळत नाही अशा पोरांना या गावाने आपलं मानलं आणि त्यांच्यासाठी घसा फोडून ओरडलं. परगावी हॉस्टेलवर राहून परीक्षा देणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

बेलग्रेडमध्ये त्यांना संपूर्ण सीझनमध्ये युरोपची एकच मॅच खेळता आली : क्वार्टर फायनलची पहिली, इटलीच्या बोलोन्याविरुद्ध. पुढच्या दोन मॅचेस बोलोन्यात होत्या. पार्टिझानने ती सिरीज २-१ अशी काढली.

टीम कशी होती?

मोठ्या टीममध्ये अमेरिकन खेळाडू असायचे. पार्टिझानमध्ये परदेशी खेळाडू एकही नव्हता. साशा जॉर्जेविच २४ वर्षांचा, प्रेद्राग दानिलोविच २२ चा, उंचापुरा झेल्यको रेब्राचा २० चा, म्हणजे आपल्या थर्ड इयरच्या वयाचा! कोच झेल्यको ओब्रादोविच ३२ वर्षांचा. १९९१ च्या उन्हाळ्यापर्यंत तो याच टीममध्ये खेळत होता, आणि कोच म्हणून हा त्याचा पहिलाच सीझन. त्याने एक शहाणपण केलं. 'प्रोफेसर' म्हणून ओळखले जाणारे जुने कोच अलेक्सांदर निकोलिच यांना सल्लागार म्हणून सोबत घेतलं. अनुभव नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला विचारावं, यात कमीपणा नाही.

शेवटचे काही सेकंद

फायनल फोर इस्तंबूलला होती. सेमीफायनलमध्ये पार्टिझानने मिलानला ८२-७५ असं हरवलं. १६ एप्रिल १९९२ ला फायनल, समोर स्पेनचाच जोव्हेंतुत बादालोना.

शेवटचे दहाएक सेकंद उरले असताना जोव्हेंतुतच्या टोमास होफ्रेसाने बास्केट केली आणि स्कोअर झाला ७०-६८. आता इथे थांबून विचार करा. पार्टिझान दोन पॉइंटने मागे. आत घुसून दोन पॉइंट केले तर फक्त बरोबरी, मग ओव्हरटाइम. तीन पॉइंटचा शॉट अवघड, पण लागला तर थेट कप. टाइमआऊट घेतला तर प्लॅन सांगता येतो, पण समोरच्याचा डिफेन्सही नीट उभा राहतो. न घेतला तर प्लॅन नाही, पण गोंधळ दोन्ही बाजूंना सारखाच.

पार्टिझानने वेळ घालवला नाही. कोप्रिविचाने बॉल लगेच आत दिला आणि जॉर्जेविच सुटला. कोर्ट २८ मीटर लांब. तीन पॉइंटची रेषा तेव्हा ६.२५ मीटरवर होती, म्हणजे ड्रिबल करत वीस मीटर तरी कापायचे. धावत्या माणसाला त्याला चार-पाच सेकंद लागतात. गणित जेमतेम जुळत होतं. होफ्रेसा अंगाला चिकटलेला असतानाच जॉर्जेविचने उडी मारून शॉट घेतला. बॉल रिंगमध्ये! पार्टिझान ७१, जोव्हेंतुत ७०. जॉर्जेविचचे २३ पॉइंट, दानिलोविचचे २५. फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू दानिलोविच ठरला.

आनंदाची दुसरी बाजू

हा दानिलोविच जन्माने सारायेव्होचा. त्या शहरात बोस्ना हा क्लब आहे, १९७९ चा युरोप चॅम्पियन. दानिलोविच तिथेच खेळायला शिकला. फायनलच्या दहा-अकरा दिवस आधी याच सारायेव्होला वेढा पडला होता. पुढे तो जवळपास चार वर्षं चालला आणि हजारो माणसं मेली. म्हणजे पोरगा कप उचलत होता तेव्हा त्याचं जन्मगाव गोळीबाराखाली होतं.

३० मे १९९२ ला संयुक्त राष्ट्रांनी युगोस्लाव्हियावर निर्बंध लादले. त्यात खेळही आला. पार्टिझानला पुढच्या वर्षी आपला कप राखायला उतरताच आलं नाही, आणि राष्ट्रीय टीमचं बार्सिलोना ऑलिंपिकही गेलं. हे योग्य होतं का? खेळाडूंनी बंदूक धरली नव्हती, हे खरं. पण शेजारी माणसं मरत असताना सगळं सुरळीत आहे असं दाखवणंही बरोबर नाही, हेही खरं. याचं उत्तर एका वाक्यात देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

काय घ्यावं?

निर्बंध उठल्यावर १९९५ च्या युरोपियन चॅम्पियनशिप फायनलमध्ये युगोस्लाव्हियाने लिथुआनियाला हरवलं, जॉर्जेविचचे ४१ पॉइंट! आणि ओब्रादोविच? १९९४ मध्ये त्याने चक्क जोव्हेंतुतलाच कप जिंकून दिला, ज्यांना दोन वर्षांपूर्वी एका पॉइंटने रडवलं होतं. २०१७ पर्यंत पाच वेगवेगळ्या क्लबांसोबत त्याचे असे नऊ कप झाले.

जॉर्जेविचचा तो शॉट सगळ्यांना आठवतो. पण त्या शॉटपर्यंत टीमला पोचवलं ते फुएनलाब्राडाच्या त्या अनोळखी लोकांनी. तेव्हा पुढच्या वेळी आपल्या कॉलेजात लांबून एखादी टीम आली आणि तिच्या बाजूने ओरडायला कोणीच नसेल, तर दोन टाळ्या तिच्यासाठीही वाजवूया. आपल्या टीमचं त्याने काही बिघडत नाही.